दोन कान, दोन बटणें

'कान पिळणें' हा शब्दप्रयोग मराठींत फार जुना आहे. तंबोऱ्याच्या खुंट्या पिळावयाच्या त्या सूर जुळावा म्हणून, व व्रात्य मुलाचा कान पिळावयाचा तो त्यानें वळणावर यावें म्हणून. नभोवाणीचें यंत्र घरोघरीं येऊन बसलें तेव्हां त्याच्या तोंडावरील बटणांच्या वांट्यालाही हाच शब्दप्रयोग आला. रेडिओ फार ओरडूं लागला कीं त्याचा कान पिळावयाचा, आणि त्यानें मुकाट्यानें आवाज उतरवावयाचा! ह्या पहिल्या रेडिओला आवाजाचा असा कान एकच होता. परंतु पुढें हौशी कारागिरांनीं स्वतःच्या हातानें जे ध्वनिवर्धक, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, बांधले, त्यांतील पुष्कळांना आवाजाचे दोन कान आढळतात. एक डाव्या वाहिनीचा, एक उजव्या वाहिनीचा. बाजारांत विकत मिळणाऱ्या यंत्रावर जें काम एका बटणानें होतें, त्यासाठीं ह्या कारागिरांनीं दोन बटणांचा खटाटोप कां करावा? प्रश्न लहानसा दिसतो. परंतु त्याच्या उत्तरांत ध्वनिविद्येचा शतकाहून अधिक काळाचा इतिहास सांठलेला आहे, आणि त्या इतिहासाचा एक पदर नाशिकपर्यंत येऊन पोंचतो.

आरंभ निसर्गानें दिलेल्या दोन कानांपासूनच केला पाहिजे. डोळे मिटून बसलेल्या मनुष्यालाही हांक कोणत्या बाजूनें आली हें अचूक कळतें. ह्याचीं कारणें मुख्यतः दोन. डावीकडून आलेला आवाज डाव्या कानाला आधीं ऐकूं येतो व उजव्या कानाला किंचित् उशिरां. हा उशीर फार झाला तर एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोनतृतीयांश इतकाच असतो; तरीही मेंदू त्याची नोंद घेतो. दुसरें कारण असें कीं, मध्यें डोक्याचा आडोसा आल्यामुळें दूरच्या कानाला तो आवाज, विशेषतः त्यांतील बारीक स्वर, थोडा क्षीण होऊन पोंचतो. लॉर्ड रॅले ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें १९०७ सालीं ह्या दोन्ही कारणांची संगति लावून दाखविली. म्हणजे वेळेंतील फरक आणि जोरांतील फरक, ह्या दोन खुणांवर मनुष्याचें डाव्या-उजव्या दिशेचें ज्ञान मुख्यतः उभें आहे. त्यांतील जोराचा फरक हा माणसाच्या हातीं येण्यासारखा आहे. कारण जोर कमीजास्त करणें हेंच तर बटणाचें काम.

परंतु बटण येण्यापूर्वीं कित्येक शतकें आवाजाला गळ्याखेरीज दुसरें साधन नव्हतें. गोदावरीच्या घाटावर उभा राहून कीर्तन करणारा हरिदास, तंबूंतील नाटकांत शेवटच्या रांगेपर्यंत पद पोंचविणारा नट, पंचवटींत आपला रामनाम-आधाराश्रम स्थापून भजनाच्या द्वारें संगीत लोकांपर्यंत नेणारे विष्णु दिगंबर पलुसकर, ह्या सर्वांनीं मोठ्या समुदायापुढें आवाज टाकण्याची विद्या अंगच्या बळावर कमावलेली होती. १९३१ सालीं पलुसकर निवर्तले. आणि त्याच वर्षीं मार्च महिन्यांत 'आलम आरा' हा पहिला हिंदी बोलपट मुंबईंत झळकला. त्र्यंबकेश्वरीं जन्मलेले व नाशिकला आपल्या चित्रसंस्थेचा संसार मांडणारे दादासाहेब फाळके यांचें वैभव मूकपटाच्या काळांतलें. त्यांचा 'सेतुबंधन' हा मूकपट म्हणून सुरू झालेला चित्रपट पुढें ध्वनीची जोड देऊन पडद्यावर आणावा लागला, ह्या एकाच गोष्टीवरून काळाचें पाऊल किती झपाट्यानें पडलें तें दिसून येतें. यंत्राचा आवाज आतां माणसाच्या आवाजाशेजारीं येऊन उभा राहिला होता.

राजकीय सभांमध्यें तर हा बदल त्याहून मोठा ठरला. महात्मा गांधींचा आवाज मृदु व संथ. त्यांना ऐकावयास येणारा समुदाय मात्र लाखांच्या घरांतला. दूर बसलेल्या शेतकऱ्याला त्यांचें दर्शन घडे, शब्द पोंचत नसे. ही उणीव भरून काढण्याचें काम सिंधमधून मुंबईस आलेल्या मोटवाणी घराण्यानें अंगावर घेतलें. त्यांच्या 'शिकागो रेडिओ' ह्या नांवाचे मायक्रोफोन व कर्णे काँग्रेसच्या सभांतून दिसूं लागले, आणि नानिक मोटवाणी हे नांव ह्या कामाशीं कायमचें जोडलें गेलें. त्या काळच्या छायाचित्रांत पुढाऱ्यांच्या मुखासमोर 'शिकागो' अशी अक्षरें असलेला मायक्रोफोन अनेकदां दिसतो, तो ह्याच घराण्याचा. ८ ऑगस्ट १९४२ रोजीं मुंबईच्या गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला, तेव्हां गांधीजींचे शब्द जनसमूहापर्यंत नेणारे कर्णेही त्यांचेच होते.

त्यानंतरची हकीकत अधिक साहसाची आहे. पुढारी तुरुंगांत गेले. वृत्तपत्रांची मुस्कटदाबी झाली. अशा वेळीं २७ ऑगस्ट १९४२ पासून मुंबईंतून 'काँग्रेस रेडिओ' नांवाचें भूमिगत केंद्र बोलूं लागलें. उषा मेहता व त्यांचे सहकारी दर कांहीं दिवसांनीं जागा बदलीत व वार्ता प्रसृत करीत. प्रक्षेपक बांधण्याचें काम नरिमन प्रिंटर ह्या तंत्रज्ञानें केलें. सामग्रीच्या बाबतींत शिकागो रेडिओचें साहाय्य होतें. १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं पोलिसांनीं हें केंद्र पकडलें. पुढें चाललेल्या खटल्यांत उषा मेहता यांना चार वर्षांची शिक्षा झाली. नानिक मोटवाणी हेही आरोपी होते, परंतु ते निर्दोष सुटले. हातानें बांधलेलें यंत्र ही केवळ फावल्या वेळची हौस नसते, प्रसंगीं तिच्यासाठीं कारावास पत्करावा लागतो, ही गोष्ट मुंबईनें त्या अडीच महिन्यांत पाहिली. ह्याच मोटवाणी घराण्याच्या कारखान्याचें ठाण पुढें नाशिकरोडला पडलें आणि सभेच्या, रेल्वेस्थानकाच्या व गिरणीच्या उपयोगाचीं ध्वनियंत्रें तेथें तयार होऊं लागलीं. मुंबईच्या मैदानावर ज्या विद्येची कसोटी लागली, तिचें घर असें गोदावरीच्या खोऱ्यांत आलें.

सभेच्या ह्या ध्वनिवर्धकाकडे नीट पाहिलें म्हणजे स्वतंत्र बटणांचा उगम ध्यानांत येतो. व्यासपीठावर एकच मायक्रोफोन असेल तर एक बटण पुरतें. परंतु एक मायक्रोफोन अध्यक्षांपुढें, दुसरा वक्त्यापुढें, तिसरा स्वागतगीत म्हणणाऱ्या मुलींपुढें, अशी मांडणी झाली कीं एका बटणानें भागत नाहीं. अध्यक्षांचा आवाज खर्जांतला, मुलींचा बारीक. एक वक्ता मायक्रोफोनला ओठ लावणारा, दुसरा त्याला भिऊन हातभर दूर राहणारा. म्हणून प्रत्येक मायक्रोफोनला त्याचें त्याचें बटण देऊन, शेवटीं सर्वांचा मिळून एक आवाज कमीजास्त करणारें मुख्य बटण ठेवण्याची रीत पडली. बटणांपाशीं बसलेला मनुष्य श्रोत्यांना दिसत नसे. परंतु कोणाचा शब्द शेवटच्या रांगेला पोंचावा हें त्याच्या दोन बोटांवर अवलंबून असे. प्रत्येक आवाजाला स्वतंत्र न्याय, हें ह्या बटणांचें मूळ तत्त्व होय.

सभेंत अनेक आवाज एकत्र करून एका वाटेनें बाहेर सोडावयाचे असतात. घरांतील संगीतांत ह्याच्या उलट प्रकार आहे. एकच मैफल दोन वाटांनीं आणून श्रोत्याच्या दोन कानांत पुन्हां जुळवावयाची असते. ह्या कल्पनेचा पहिला प्रयोग पॅरिस येथें १८८१ सालीं झाला. विजेच्या प्रदर्शनाच्या निमित्तानें क्लेमां आदेर ह्या तंत्रज्ञानें ऑपेरागृहाच्या रंगमंचाच्या कडेला टेलिफोनचे ग्राहक मांडले व तारा प्रदर्शनाच्या इमारतींत नेल्या. तेथें श्रोत्यानें दोन कर्णिका दोन कानांस लावल्या, कीं गाणारी बाई रंगमंचावर डावीकडून उजवीकडे चालली हें त्याला बसल्या जागीं ऐकूं येई. नवल झालें, गर्दी जमली. परंतु ध्वनि वाढविण्याचें साधनच तेव्हां नसल्यामुळें ती युक्ति पुढें फार वाढली नाहीं.

पन्नास वर्षांनीं तिला खरा वारस मिळाला. लंडनच्या ई. एम्. आय. कंपनींतील अ‍ॅलन ब्लूमलाइन ह्या तरुण अभियंत्यानें डिसेंबर १९३१ मध्यें दोन वाहिन्यांच्या ध्वनिमुद्रणाचें पेटंट मागितलें. त्यांत एकाच खांचणीच्या दोन भिंतींवर दोन वाहिन्या कोरण्याची युक्तिही सांगितलेली होती. हा बुद्धिमान पुरुष जून १९४२ मध्यें, युद्धासाठीं रडारची चांचणी घेणाऱ्या विमानाच्या अपघातांत, अवघ्या अडतिसाव्या वर्षीं मरण पावला. आपल्या कल्पनेचा संसारांत झालेला प्रसार पाहण्याचें त्याच्या नशिबीं नव्हतें. इकडे अमेरिकेंत २७ एप्रिल १९३३ रोजीं बेल प्रयोगशाळेनें एक विलक्षण प्रयोग केला. वाद्यवृंद फिलाडेल्फिया शहरांत वाजत होता व तीन स्वतंत्र वाहिन्यांतून तो वॉशिंग्टनच्या सभागृहांत ऐकविला जात होता. वाद्यवृंदाचा नामांकित संचालक स्टोकोव्स्की त्या दिवशीं वाद्यवृंदापुढें उभाच नव्हता! तें काम सहकाऱ्याकडे सोंपवून तो वॉशिंग्टनला, श्रोत्यांच्या बाजूला, आवाज नियंत्रित करणाऱ्या यंत्रापाशीं बसला होता. संगीताचा तोल राखण्याचें काम वादकांइतकेंच ह्या यंत्राच्या हातीं आहे, ही गोष्ट एका थोर कलावंतानें स्वतःच्या कृतीनें मान्य केली.

दोन वाहिन्यांच्या, म्हणजे स्टिरिओच्या, तबकड्या १९५७-५८ च्या सुमारास बाजारांत आल्या. खांचणीच्या दोन भिंती, प्रत्येक पंचेचाळीस अंशांत कललेली. एकीवर डावा आवाज, दुसरीवर उजवा. ज्यांच्या घरीं आधींच एक चांगला अ‍ॅम्प्लिफायर होता, त्यांतील अनेकांनीं तो टाकून न देतां शेजारीं तसाच दुसरा आणून ठेवला. दोन यंत्रें, म्हणून अर्थातच दोन बटणें. स्वतंत्र बटणांची रीत घरांत प्रथम शिरली ती अशी, काटकसरीच्या दारानें. तिच्यामागें त्या वेळीं कोणतेंही तत्त्वज्ञान नव्हतें.

कारखानदारांना मात्र हें गैरसोयीचें वाटलें. गिऱ्हाइकानें आवाज वाढवितांना दर वेळीं दोन बटणें सारखीं फिरवावीं, आणि चुकलीं कीं गवई भिंतींत शिरावा, हें कोणाला परवडेल? म्हणून त्यांनीं एकाच दांड्यावर दोन नियंत्रक एकामागें एक बसविले. बटण एक, परंतु आंत दोन पट्ट्या. शिवाय डाव्या-उजव्यांतील उणेंअधिक भरून काढण्यासाठीं 'बॅलन्स' नांवाचें निराळें बटण दिलें. ही सोय पुढें सर्वत्र रूढ झाली.

तथापि सोयीबरोबर एक दोषही आंत आला, व तो नीट समजून घेण्यासारखा आहे. व्हॉल्यूमच्या नियंत्रकांत कोळशाच्या लेपाची एक कमानदार पट्टी असते व तीवरून एक स्पर्शक फिरतो. मनुष्याचा कान आवाजाची वाढ बेरजेनें मोजीत नाहीं, पटीनें मोजतो. म्हणून ही पट्टीही सर्वत्र सारखी ठेवून चालत नाहीं. आरंभीं विरोध फार सावकाश बदलला पाहिजे व शेवटीं झपाट्यानें. असा वांकडा नियम कोळशाच्या लेपांत हुबेहूब उतरविणें कठीण. म्हणून स्वस्त मालांत दोन-तीन सरळ तुकडे जोडून त्या वक्र रेषेचा भास उत्पन्न करतात. आतां एकाच दांड्यावरील दोन पट्ट्यांचे हे सांधे तंतोतंत एका जागीं येतील असें नाहीं. पट्टीच्या एकूण विरोधांत शेंकडा वीसपर्यंत उणेंअधिक चालवून घेण्याची व्यापारांत वहिवाट असते. परिणाम असा कीं, आवाज मोठा असतांना दोन्ही बाजू बरोबर वाटतात. परंतु रात्रीं घरांतील मंडळी निजल्यावर आवाज अगदीं खालीं आणला, कीं दोन वाहिन्यांत दोन-तीन डेसिबेलचा फरक पडतो. तीन डेसिबेल म्हणजे एका बाजूची शक्ति दुसरीच्या दुप्पट! कानाला एक डेसिबेलचा फरकही अनुकूल परिस्थितींत जाणवतो. मग मध्यभागीं बसलेला गायक हळूच एका बाजूला सरकतो. आणि ज्या निवांत वेळीं संगीत खरें ऐकावयाचें, त्याच वेळीं यंत्राचा तोल जातो.

दोन स्वतंत्र बटणांचें मर्म येथें आहे. हातानें अ‍ॅम्प्लिफायर बांधणाराला हा दोष परवडत नाहीं. आणि उत्तम प्रतीचा जुळा नियंत्रक मिळविणें पुष्कळदां त्याच्या ऐपतीबाहेरचें असतें. डी. टी. एन्. विल्यमसन यांनीं १९४७ सालीं 'वायरलेस वर्ल्ड' ह्या इंग्रजी मासिकांत आपल्या पंधरा वॅट शक्तीच्या अ‍ॅम्प्लिफायरचा आराखडा छापला, तेव्हांपासून जगभर हौशी बांधणारांचा एक संप्रदायच निर्माण झाला. हिंदुस्थानांत स्वातंत्र्यानंतर परदेशी मालाच्या आयातीवर कडक निर्बंध होते. म्हणून येथें ही हौस गरजेच्या पोटीं वाढली. बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्यें व्हॉल्व्ह व ट्रान्झिस्टर होऊं लागले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग मिळूं लागले. रोहित्र गुंडाळून देणारा कारागीर व पत्र्याची पेटी वांकवून देणारा लोहार गांवांतच असे. ज्याच्यापाशीं दोन साधे नियंत्रक होते, त्यानें दोन बटणें बसविलीं आणि महाग जुळ्या नियंत्रकाची अडचण मुळांतच नाहींशी केली. ज्याला ह्याहून अचूक काम हवें, तो पट्टीऐवजीं पायऱ्यापायऱ्यांनीं फिरणारा खटका घेऊन प्रत्येक पायरीला मोजून निवडलेला विरोधक डाखवितो; मग प्रत्येक घरांत आवाज किती हें गणितानेंच ठरलेलें असतें.

दोन बटणांचा तोल जुळविण्याची रीतही सोपी व रंजक आहे. प्रथम एका वाहिनीची जुनी तबकडी लावावयाची, एकट्या गळ्याची असल्यास उत्तम. दोन लाउडस्पीकरांपासून सारख्या अंतरावर बसून, आवाज दोहोंच्या बरोबर मध्यांतून, जणुं रिकाम्या जागेंतून, येऊं लागेपर्यंत एक बटण स्थिर ठेवून दुसरें फिरवावयाचें. तो बिंदु सांपडला कीं पेन्सिलीनें खूण करावयाची. दोन खुणा क्वचितच एका आंकड्यावर येतात. खोलीच्या एका बाजूस उघडी खिडकी व दुसऱ्या बाजूस पुस्तकांचें कपाट असलें, कीं बटणांनाही तेवढें वांकडें उभें राहावें लागतें. मग दोन वाहिन्यांची मैफल लावली असतां तबला एका अंगाला, पेटी दुसऱ्या अंगाला, मागें तंबोऱ्यांची जोडी आणि मध्यें गवई, अशी बैठक डोळ्यांपुढें उभी राहते.

ह्या रीतीवर आक्षेपही आहेत व ते खोटे नाहींत. आवाज कमीजास्त करतांना दर वेळीं दोन हात लागतात. घरांतील कोणी घाईनें एकच बटण फिरवून गेलें कीं सारा तोल बिघडतो. आणि दुरून हुकूम करणाऱ्या रिमोटच्या काळांत उठून यंत्रापाशीं जावें लागणें ही पुष्कळांना शिक्षा वाटते. कांहींनीं ह्यावर एकांत एक बसणारीं दोन बटणें हा उपाय योजला. आंतलें व बाहेरचें घर्षणानें एकत्र फिरतें, आणि हवें तेव्हां एक धरून दुसरें वेगळें फिरवितां येतें. बॅलन्सच्या बटणाच्या बाजूनेंही बोलण्यासारखें आहे. पण तें बटण म्हणजे ध्वनीच्या वाटेंत आणखी एक पट्टी व आणखी एक स्पर्शक, आणि उत्तम बांधणारा वाटेंतील प्रत्येक जास्तीच्या सांध्याकडे संशयानेंच पाहतो.

परंतु ह्या वादांत सर्वांत मोलाचा मुद्दा यंत्राचा नाहीं, मनुष्याचा आहे. सर्व माणसांचे दोन्ही कान सारखे असतात हें गृहीतच मुळीं लंगडें आहे. लहानपणीं कान फुटल्यामुळें, गिरणींत यंत्राजवळ वर्षानुवर्षें उभें राहिल्यामुळें किंवा नुसत्या वयोमानानें एक कान दुसऱ्याहून मंद होतो, असें घरोघर आढळतें. अशा मनुष्यास कारखान्यांत ठरविलेला तोल म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा. त्याची मैफल नेहमीं एकीकडे कललेली. त्याला आपल्या दुबळ्या कानाच्या बाजूचें बटण थोडें पुढें सरकवितां आलें, तर लाउडस्पीकरासमोर बसून त्यालाही गवई पुष्कळसा मध्यें आणतां येतो. आणि दोन्ही कानांस कर्णिका लावून ऐकणाराला तर ह्या सोयीचा फायदा अधिकच. म्हाताऱ्या आजोबांना घरच्या रेडिओजवळ एकच कान पुढें करून बसलेलें ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांना ह्या गोष्टीची किंमत निराळी समजावून सांगावयास नको.

जोराच्या बटणावर अखेर कायद्याचाही हात पडला. ज्या कर्ण्यांनीं एके काळीं स्वातंत्र्याचा शब्द खेड्यापाड्यांत नेला, तेच पुढें उत्सवांत व मिरवणुकींत झोंप उडविणारे झाले. इ. स. २००० मध्यें केंद्र सरकारनें केलेल्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणें वस्तीच्या भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबेल ही मर्यादा ठरली, आणि रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत उघड्यावर लाउडस्पीकर लावण्यास बंदी झाली. आवाज पोंचविण्याची शक्ति मिळवितांना तो आंवरण्याची बुद्धीही हवी, हा धडा समाजाला नियम करून गिरवावा लागला.

आतां तर खिशांत मावणाऱ्या टेलिफोनमध्येंही, ऐकण्याची अडचण असणारांसाठीं म्हणून, डाव्या-उजव्या आवाजाचा तोल बदलण्याची सोय असते. हातानें यंत्रें बांधणारांनीं पेटीच्या तोंडावर जी गोष्ट उघड मांडली होती, ती तेथें पडद्याच्या चार घड्यांआड ठेवलेली आहे. परंतु तत्त्व तेंच. सभेंतील प्रत्येक वक्त्याला त्याचें बटण मिळालें तेव्हां बोलणाराला न्याय मिळाला. घरांतील प्रत्येक वाहिनीला तिचें बटण मिळालें तेव्हां तो ऐकणाराला मिळाला. दोन कान देतांना निसर्गानें ते अगदीं सारखे दिले नाहींत. ते सारखे करून घेण्याची किल्ली ऐकणाराच्याच हातीं असावी, एवढीच ह्या दोन बटणांची मागणी आहे.